दुसरं वासरू

दृश्य ४१. बाह्य. देवणीचा जनावरांचा बाजार. दुपार. सन १९६३.

नरसिंग गुरुजी गाईचं दावं दलालाच्या हातात देतात. दलाल नोटा देतो. गाय मान वळवून बघते. गुरुजी बघत नाहीत. नोटा सदऱ्याच्या आतल्या खिशात घालतात आणि चालू लागतात.

"बंद कर ते."

धम्मानंद उठला तशी त्याच्या डोक्याची सावली गाईच्या पाठीवर पडली. कोणी काही बंद केलं नाही, म्हणून तो आणखी दोन पावलं पुढं गेला. आता गाय पूर्ण झाकली गेली. बाजाराचा गलका तेवढा चालू राहिला.

"मोठे पप्पा, अजून चाळीस मिनिटं आहेत," धम्मप्रिया म्हणाली.

"चाळीस मिनिटांत आणखी काय काय विकलंय आमच्या अण्णांनी?"

सुगतनं रिमोट दाबला. गुरुजी एक पाय उचललेला, तसेच थांबले.


तीन वाजून दहा मिनिटं

लातूर. सुगतच्या शिकवणीचा वर्ग. रविवार म्हणून बाकं रिकामी. एरवी इथं दीडशे पोरं डॉक्टर व्हायला बसतात. भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता, शेजारी गेल्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो, मधोमध मोठा पडदा. हा चित्रपट लागण्याआधी घरच्यांनी घरच्यासारखा बघावा, ही कल्पना सुगतची.

पहिल्या बाकावर सरजाबाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुरुजींची बायको, धम्मानंद आणि सुगतची आई. पाय खाली सोडून बसायची सवय नाही, त्या अरुंद बाकावर मांडी घालून बसलीय. मागच्या बाकावर महामाया, धम्मानंदची मुलगी, जिचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय. पडद्याजवळ धम्मप्रिया, सुगतची मुलगी, जिनं हा चित्रपट लिहिलाय. दोघे भाऊ उभे.

पाच माणसं. पाच वाजेपर्यंतचा वेळ. आणि एक कागद, ज्यावर सरजाबाईची सही हवी.


धम्मप्रिया

दोन वर्षं.

पहिल्या तीन कंपन्यांनी एकच विचारलं होतं. जुन्या काळातली प्रेमकथा म्हणजे हवेली लागते, झुंबर लागतं, बापाची इस्टेट लागते. तुमच्या या मास्तराच्या गोष्टीत काय आहे? ती म्हणाली होती, वाळू आहे. लेंडी नदीच्या वाळूत एक तरुण मास्तर एका मुलीचा हात धरून तिला अक्षरं गिरवायला शिकवतो, आणि एक पैसा न घेता तिच्याशी लग्न करतो. चौथी कंपनी वाळूवर भाळली. पोस्टरवर तेच चित्र आहे. खाली लिहिलंय, सत्यकथेवर आधारित.

परवा त्या कंपनीच्या वकीलबाईंचा फोन आला. कुटुंबाची संमती म्हणून तुम्ही धम्मानंद यांचा कागद दिलाय, ते ठीक. पण ज्यांची गोष्ट आहे त्या बाई हयात आहेत ना? त्यांची सही कुठंय?

धम्मप्रियाला आधी प्रश्नच कळला नाही. दीड वर्षापूर्वी मोठे पप्पांनी नावापुढं 'कुटुंबप्रमुख' लिहून सही दिली होती. कंपनीनं त्यांच्या 'नरसिंग गुरुजी प्रतिष्ठान'ला देणगी दिली होती. ती स्वतः देगलूरला जाऊन गुरुजींच्या बहिणीला, केवळाबाईला, तीन दिवस बोलतं करून आली होती. गुरुजींचे विद्यार्थी झाले, शाळेतले जुने शिपाई झाले. आज्जीला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आज्जी घरातच तर होती.

वकीलबाईंनी आज सुट्टीच्या दिवशी पाचपर्यंत वाट बघायचं कबूल केलंय. कागद गेला तर चित्रपट शुक्रवारी लागेल. नाही गेला तर डब्यात जाईल, आणि तिचं नावही.


दृश्य ४१, धम्मानंदच्या म्हणण्याप्रमाणे

बाह्य. गावाची वेस. सकाळ. मंगल परिणय होऊन वऱ्हाड परत निघालंय. सासऱ्यांनी मागून गाय पाठवलीय. गुरुजी थांबतात. सगळ्या गावासमोर म्हणतात, "मला माणूस पाहिजे होतं, ते मिळालं. जनावर परत न्या." गाय परत जाते. टाळ्या.

(टाळ्या दरवर्षी पडतात. प्रतिष्ठानाच्या सामुदायिक विवाह सोहळ्यात, नांदेडला, धम्मानंदच्या भाषणाच्या अकराव्या मिनिटाला.)


"गाय परत गेली," धम्मानंद म्हणाला. "जिल्ह्याला माहीत हाय. बिनहुंड्याची दोनशे लग्नं लावली मी या एका गाईवर. आणि तू पिच्चरमधी दाखवतीस की अण्णांनी ती विकून पैसे खिशात घातले?"

"केवळा आज्जीनं सांगितलं मला. गाय परत गेलीच नाही. आजोबांनी ती विकली आणि त्या पैशांवर शिक्षकाचं ट्रेनिंग केलं."

"केवळा आत्याचं काय ऐकतीस? तिचं न् माझ्या मायचं जन्मात पटलं न्हाई."

"दादा, आत्या खोटं कामून बोलंल?" सुगत मध्ये पडला. "सख्खा भाऊ होता तिचा."

"तू गप रे. पोरीचं नाव पडद्यावर येऊन राहिलं म्हणून तुला बाप विकायला चालतोय."

"बापाच्या नावाची देणगी तू घेतलीस. मी न्हाई."

धम्मानंद वळला. त्याचा आवाज खाली आला, तेव्हा तो जास्त रागात असतो हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

"पंधरा दिवसांनी माझी महामाया त्याच स्टेजवर उभी राहणार. त्या दोनशे जोडप्यांचे आईबाप समोर. आणि आदल्या आठवड्यात ह्यो पिच्चर. लोक काय म्हणतील? गुरुजींनीच घेतला होता. हुंडाच होता तो, चार पायांचा. एवढं एक दृश्य काढ, प्रिया बेटा. मग मी स्वतः माझ्या हातानं मायची सही करून घेतो."

"ते काढलं तर गोष्टीत काय राहतं? नुसता देवमाणूस राहतो."

"मग? नव्हते का ते?"

सगळ्यांनी एकदमच पहिल्या बाकाकडं पाहिलं, आणि कोणी काही विचारायच्या आत सरजाबाई म्हणाली, "ते वाळूचं परत लाव."


दृश्य १२. बाह्य. लेंडी नदीचा काठ. सकाळ.

ओली वाळू. गुरुजी सरजाचा हात हातात घेतात. तिच्या बोटानं वाळूत 'स' काढतात. मग 'र'. ती हसते. पाणी येतं, अक्षरं पुसतं. ती पुन्हा काढते, आता एकटी.


सुगत

माय रडेल असं सुगतला वाटलं. आपण रडू असंही वाटलं. अण्णांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. या नटाची मान तेवढी अण्णांसारखी होती.

मायनं चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"ही कोण?"

"तूच आहेस आज्जी," धम्मप्रिया म्हणाली.

"मी? वाळूत काय करून राहिले?"

"अक्षरं शिकतेयस. आजोबा शिकवताहेत."

"मला कुठं येतं अक्षर?"

सुगतनं भावाकडं पाहिलं. भाऊ खिडकीकडं बघत होता.

"आज्जी, सही तर..."

"कधी केली मी सही? दर नोव्हेंबरात धम्मा मला बँकेत नेतो. पेन्शनीसाठी, जिती हाय म्हणून अंगठा लावते. विचार त्याला."

धम्मप्रियानं खरंच वळून विचारलं. "मोठे पप्पा? वाळूचं तुम्ही सांगितलं होतं मला. तुमच्या भाषणात आहे ते."

"भाषणात हाय," धम्मानंद म्हणाला. "लोकांना बरं वाटतं."

"आणि खरं?"

"खरं म्हणजे..." त्यानं हात पसरले. "हजार पोरं शिकवली त्या माणसानं. बायकोला शिकवलीच आसती. येळ भेटला न्हाई."

सुगतला आठवलं, अण्णा रोज संध्याकाळी ओसरीवर वस्तीतल्या पोरांना घेऊन बसायचे. माय आत भाकरी करायची. दार उघडं असायचं. पाढे आत ऐकू जायचे, माय ते भाकरी थापता थापता म्हणायचीही. पण पाटी कधी आत गेली नाही. इतक्या वर्षांत हे सुगतला कधी विचित्र वाटलं नव्हतं. आता वाटलं, आणि त्यानं रिमोट बाकावर ठेवून दिला, जणू तोच तापला होता.


तीन वाजून पंचावन्न मिनिटं

"मग मी पसंत कशी पडले, ते काय दाखवलंय?" सरजाबाईनं विचारलं.

"तेच. वाळूत," धम्मप्रिया म्हणाली. "तिथंच तुमचं... तिथंच प्रेम जमतं."

"लगनाच्या आधी?"

"हो."

"बापानं तंगडं मोडलं आसतं माझं." सरजाबाईला हसू आलं, ते तिनं पदरानं पुसलं. "ऐक बाई. गुरुजी बघायला आले तवा मी त्यांचं तोंडबी बघितलं न्हाई. आतून बापाला बोलावलं. म्हणले, ह्यांला पगार कोण देतं? बाप म्हणला, जिल्हा परिषद. म्हणले, महिन्याच्या महिन्याला? हाव. पाऊस पडो न पडो? हाव. मग म्हणले, करा."

महामाया मोठ्यानं हसली. बापानं पाहिलं तशी थांबली.

"माय, असं काय बोलतीस," धम्मानंद म्हणाला.

"मग कसं बोलू? तुझ्या भाषणासारखं? आमी धम्म घेतला न् माझ्या बापानं गावकीची कामं सोडली. मेलेलं ढोर वढायचं बंद. खळ्यावर पदर पसरायचं बंद. चांगलंच झालं ते. पर गावानं बलुतं बंद केलं. दोन वरीस अंबाडीची भाजी न् कण्या. मला असा माणूस पाहिजे होता ज्याला कुणाच्या खळ्यावर हुबं राहावं लागत न्हाई. गुरुजी काळे का गोरे, मला काय करायचं होतं?"

"म्हणजे तू पैशासाठी लग्न केलंस?" धम्मप्रियानं विचारलं. तिचा स्वर असा निघाला की जणू तिलाच कोणी फसवलं होतं.

"पगारासाठी," सरजाबाई म्हणाली.

"पण नंतर तरी? बेचाळीस वर्षं राहिलात एकत्र."

"नंतर लागला जीव. माणूस चांगला होता. पर नंतरचं कुठं हाय तुझ्या पिच्चरमधी? तुझं तर लगनाबरुबर आर्धं संपलं."


दृश्य ४१, सरजाबाईनं सांगितलं तसं

गाय माझ्या बापाची न्हाई. बापाकडं कोंबडी नव्हती, गाय कुठली.

देवणीचे शंकरप्पा. मोठे शेतकरी. मी नऊ वरसाची होते तवा त्यांनी एक कालवड आमच्याकडं अर्धलीनं दिली. अर्धली म्हणजे, जनावर त्यांचं, चारापाणी आमचं. व्याली की पहिलं वासरू त्यांचं, दुसरं आमचं. आमचं म्हणजे माझं, कारण बांधाबांधानं गवत मी कापलं. आठ वरीस. पहिलं वासरू झालं, ते त्यांनी नेलं. दुसरं झालं. कालवडच. ती मी वाढवली. लगनात ती गाभण होती.

वेशीपाशी गुरुजी वरडले, हे खरं. लोक जमले होते ना. परत न्या, परत न्या. केवळाबाई तिथंच होती, तिनंबी ऐकलं. मी त्यांच्याजवळ जाऊन हळू म्हणले, गाय माझी हाय. ती परत गेली तर तिच्यामागं मीबी जाते.

मग गप झाले.

बाजारात? बाजारात मीच नेली. ट्रेनिंग केलं न्हाई तर नोकरी पक्की होत नव्हती. पगार बघून केलेला नवरा, पगारच गेला तर काय करायचं? पर बाई बोलली की दलाल भाव पाडतात. म्हणून गुरुजींला पुढं हुबं केलं. भाव मी पाठीमागून सांगत होते.


चार वाजून पाच मिनिटं

धम्मानंद बसला. पोरांच्या बाकावर, गुडघे अडकवून. साठीला टेकलेला, जिल्हा परिषदेतून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस.

"हे तू इतक्या वरसात एकदाबी सांगितलं न्हाईस," तो म्हणाला.

"एकदाबी इचारलं न्हाईस."

धम्मप्रिया फोन घेऊन व्हरांड्यात गेली. काचेतून ती दिसत होती, येरझाऱ्या घालताना, एका हातानं केस मागं करताना. परत आली तेव्हा तिचा चेहरा कामाचा झाला होता.

"मी कंपनीला विचारलं. गाईचं दृश्य काढता येईल. त्यांची हरकत नाही, लांबी कमीच होते. वाळूचं निघणार नाही. तेच तर विकलंय त्यांनी."

धम्मानंदनं मान वर केली.

"म्हणजे वाळू राहते, गाय जाते."

"हो."

"मग आपलं जमलं की." तो उठला. आता तो पुतणीच्या बाजूला जाऊन उभा राहिला, इतका सहज, की जणू दुपारपासून तिथंच होता. "माय, ऐक. प्रिया म्हणते ते बरोबर हाय. ह्या पोरीनं दोन वरीस घातले. पिच्चर शेवटी पिच्चर आसतो. कागदावर अंगठा दे."

सुगतनं मुलीकडं पाहिलं. "प्रिया, आत्ता तूच म्हणत होतीस ना, देवमाणूस नको म्हणून?"

"पप्पा, मी काय करू? सगळंच घालवू?"

"खोटं तेवढं ठिवतीस न् खरं तेवढं काढतीस?"

"तुम्ही वर्गात शिकवता ना? मग तुम्हाला काय कळतं चित्रपटातलं?" हे बोलून गेल्यावर तिनं ओठ चावला, पण परत घेतलं नाही.


महामाया

महामाया दोघांच्या पाठींकडं बघत होती. बाप आणि चुलत बहीण, खांद्याला खांदा. पंधरा मिनिटांपूर्वी एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

ती बोलणार नव्हती. तिनं ठरवलं होतं, हे लग्न शांतपणे पार पडू द्यायचं. मुलगा क्लास वन अधिकारी आहे. बोलतो कमी, ऐकतो बऱ्यापैकी. तिला तो पसंत होता, आणि पसंतीची कारणं तिनं स्वतःशीही फार उकरली नव्हती.

"गुरुजींच्या नावाला आजवर एका पैशाचा डाग न्हाई," बाप म्हणत होता. "स्टेजवर मी छाती ठोकून..."

"पप्पा, पुण्याचा फ्लॅट कुणाच्या नावावर झालाय?"

धम्मानंद तिच्याकडं वळला.

"दोन बेडरूमचा. गेल्या महिन्यात. त्याच्या आईनं मागितला आणि तुम्ही दिला. मला कळू द्यायचं नाही असं ठरलं होतं, पण मला त्यानंच सांगितलं."

"तो दोघांच्या नावावर हाय. भेट हाय ती. बापानं लेकीला..."

"मी तक्रार करत नाहीये. मला मुलगा पसंत आहे. फ्लॅटही पसंत आहे. नांदेड सोडून तिथं दवाखाना टाकायचाय मला, घर लागणारच." ती बापाकडं बघतच बोलत होती. "आज्जीनं विचारलं ना, पगार कोण देतं म्हणून? मीपण विचारलं होतं. फक्त आरशात. तेवढं एकच करा माझ्यासाठी. माझ्या लग्नात ते गाईचं भाषण नका करू."

सुगत भावाकडं बघत राहिला. त्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यानं कुलरमधून पेल्यात पाणी घेतलं आणि भावाच्या पुढं केलं. धम्मानंदनं ते घेतलं, आणि प्यायला नाही, नुसतं धरून राहिला.


चार वाजून पंचवीस मिनिटं

कागद सरजाबाईच्या पुढं, बाकावर. शाईचं पॅड सुगतच्या ऑफिसातून आलेलं, झाकण उघडं.

"वाच," सरजाबाई म्हणाली.

धम्मप्रियानं वाचलं. चित्रपटात दाखवलेलं माझं जीवन मी पाहिलं आहे, ते सत्य आहे, त्याला माझी संमती आहे.

"धम्माला काय दिलं ह्या लोकांनी?"

"प्रतिष्ठानला देणगी," धम्मानंद म्हणाला. "मला न्हाई."

"तुला काय दिलं पोरी?"

धम्मप्रियानं आकडा सांगितला. लाजत सांगितला, कारण तो मुंबईत कमी होता आणि इथं जास्त.

"आर्धं माझं."

"काय?"

"आर्धं. गोष्ट मी वाढवली. तू नेली बाजारात. तुझी मेहनत हाय, न्हाई म्हणत न्हाई. पर आर्धं माझं."

"माय!" धम्मानंद ओरडला, पेल्यातलं पाणी त्याच्या बुटावर सांडलं. "गुरुजींची बायको तू. नातीकडं पैसे मागतीस? कशाला पाहिजेत तुला? काय कमी हाय माझ्या घरात?"

"तुला कुणी इचारलं का, देणगी कशाला पाहिजे म्हणून?"

"समाजाचं काम हाय ते!"

"आसू दे. माझं मला आसू दे."

धम्मप्रिया उभी होती. दोन वर्षं ती लोकांना सांगत आली होती की ही पैशाच्या पलीकडची गोष्ट आहे. मुलाखतीत सांगितलं होतं. ट्रेलरखाली लिहिलं होतं. आणि आता तिच्या गोष्टीतली मुलगी पोपडे आलेल्या बाकावर मांडी घालून बसली होती आणि निम्मा वाटा मागत होती. राग आला. मग रागाची लाज वाटली. आपण या बाईकडून काय काय फुकट घेतलं आणि वरून तिला कागद सही करायला आणला, हे तिला एकदम दिसलं, आणि ते सहन होईना.

तिनं कागद उचलला.

"नको आज्जी. तुझ्याकडून असं विकत नाही घेणार मी. चुकलंच माझं. मी तुझं आयुष्य न विचारता घेतलं, आता मोल करून शहाणपणा कशाला?"

"काय करतीस?"

"परत करते." ती फोनवर लिहीत होती, ओठ घट्ट मिटून. संमती मिळालेली नाही. चित्रपट प्रदर्शित करू नये. जबाबदारी माझी. तिनं एकदा वाचलं आणि पाठवून दिलं.

"प्रिया!" सुगत ओरडला. महामायानं तोंडावर हात ठेवला. हे तर धम्मानंदलाही नको होतं.

"पाठवलं," धम्मप्रिया म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर हलकं वाटल्यासारखं काहीतरी होतं. ती आज्जीजवळ गेली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता कोणी तुझं काही खोटं दाखवणार नाही."

सरजाबाईनं तो हात बाजूला केला.

"काय पाठवलंस?"

"की तू नाही म्हणालीस."

"मी कवा न्हाई म्हणले?"

धम्मप्रियानं हातातल्या फोनकडं पाहिलं.

"मी भाव सांगितला. भाव सांगणं म्हणजे न्हाई म्हणणं का? आर्धं म्हणले. तू पाव म्हणायचं. मग मी काहीतरी म्हणले आसते. माणसं तशी बोलतात." तिनं पाय खाली सोडले, दोन्ही हातांनी बाक धरून उभी राहिली. "दोन वरीस रातन् दिवस केलंस न् एका झटक्यात फेकून दिलंस? सगळे बघतात म्हणून? तुमच्या आजोबालाबी लई हौस होती आसली."

"आज्जी, मला वाटलं तुला..."

"मला काय वाटतं ते मला इचारत जा की!"

फोन वाजला. धम्मप्रियाच्या हातात. पडद्यावर वाळूत बोट टेकलेली सरजा तशीच थांबलेली होती.

"वकीलबाई आहेत," ती म्हणाली. उचलेना.

"उचल."

"काय सांगू?"

"तू काय सांगतीस? दे इकडं. कुठं दाबायचं?" महामाया उठली, तिनं हिरवं बटण दाबून फोन आज्जीच्या कानाला लावला. आवाज मोठा केला, तो सगळ्या वर्गात आला, घाबरलेला, सुशिक्षित, मुंबईचा.

"हाव," सरजाबाई म्हणाली. "मीच ती. न्हाई, नाराज न्हाई कुणावर. पोरगी उतावळी हाय, तिचं लिव्हलेलं धरू नका." तिनं ऐकलं. मध्येच धम्मानंद काही बोलायला गेला, तिनं न बघता हातानं त्याला खाली बसवलं. "आजी म्हणू नका. सरजाबाई म्हणा. आता तुमी तो कागद मला पुन्यांदा वाचून दाखवा, सावकाश. पाच वाजू द्या की, घाई तुमाला हाय. आन् ते वाळूचं ऐका. ते खोटं हाय. ठिवायचं तर ठिवा, पर त्याचा भाव येगळा पडंल."